मे महिन्यातले घर, ऑगस्टमधली नदी : नोकरीसाठी सांगलीत येताना

उन्हाळ्याच्या अखेरीस दरवर्षी काही कुटुंबे सांगलीत नव्याने राहायला येतात. कोणाची बँकेतून बदली झालेली असते, कोणी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणार असते, कोणी मिरजेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून, तर कोणी शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक घेऊन आलेले असते. बदल्यांचे आदेश बहुधा एप्रिल-मेमध्ये हाती पडतात आणि मुलांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून घर शोधण्याची सगळी धावपळ मे महिन्यात होते. नेमके याच दिवसांत कृष्णेचे पाणी तळाला गेलेले असते, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि नदीजवळचे घर मोकळ्या हवेचे, बाजाराला जवळचे आणि भाड्यालाही परवडणारे वाटते. नदी ज्या महिन्यात स्वतःविषयी सर्वांत कमी सांगते, त्याच महिन्यात नवा माणूस तिच्या काठावर घर ठरवतो. अनोळखी शहरात नोकरीसाठी येणाऱ्यांनी काय पाहावे आणि काय विचारावे, याची चर्चा आम्ही म्हणूनच या अडचणीपासून सुरू करत आहोत.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 मध्ये एकच महानगरपालिका झाली. कागदावर हे एक शहर असले, तरी रोजच्या जगण्यात ही तीन वेगळी गावे आहेत. गणपती मंदिर, गावभाग, खणभाग आणि मारुती चौक हा जुन्या सांगलीचा भाग नदीला लागून आहे. तेथून मिरजेच्या दिशेने निघाले की विलिंग्डन आणि वालचंद या महाविद्यालयांचे विश्रामबाग लागते, पुढे वानलेसवाडी येते आणि सुमारे 10 किलोमीटरवर मिरज. आपली कचेरी किंवा कारखाना या पट्ट्यात नेमका कोठे आहे, हे कळल्याशिवाय घराची चौकशी सुरू करण्यात अर्थ नाही. घर पाहायला बहुतेक जण रविवारी दुपारी येतात, तेव्हा रस्ते मोकळे असतात आणि सगळेच जवळ भासते. त्याऐवजी कामाच्या दिवशी, कामावर जाण्याच्या वेळेला, त्या घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पाळीचे काम असणाऱ्यांनी हीच पाहणी रात्रीच्या पाळीच्या वेळेलाही करावी, कारण दिवसा सहज मिळणारी रिक्षा त्या वेळी मिळेलच असे नाही.

गावी वरचेवर जावे लागणाऱ्यांनी रेल्वेचा नकाशाही समजून घ्यावा. सांगली स्थानक पुणे-मिरज मार्गावर आहे, त्यामुळे मुंबईहून येणारी महालक्ष्मी किंवा कोयना एक्सप्रेस सांगलीला थांबून मिरजेला जाते. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणाऱ्या गाड्या मात्र थेट मिरजेत येतात. सोलापूर, लातूर किंवा बेळगावकडच्या कुटुंबाला म्हणूनच मिरजेच्या बाजूचे घर अधिक सोयीचे पडते.

आता नदीविषयी. कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळते आणि सांगलीच्या थोडे खाली, हरिपूरला, वारणा मिळते. वर साताऱ्याच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला, कोयना धरणातून विसर्ग वाढवावा लागला आणि त्याच वेळी वारणाही फुगलेली असली, की संगमाजवळ पाणी पुढे सरकायला वेळ घेते आणि फुगवटा मागे शहराकडे येतो. सांगलीत एक थेंब पाऊस नसतानाही नदी चढू शकते, ही गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला सर्वांत उशिरा समजते. आकाशाकडे पाहून पुराचा अंदाज बांधण्याची सवय येथे उपयोगाची नाही.

सांगलीकर पूर मोजतात तो आयर्विन पुलाजवळच्या पातळीवरून. 1929 मध्ये बांधलेल्या या पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेले आणि 2021 च्या जुलैत पुन्हा 54 फुटांच्या पुढे. त्याआधीचा मोठा पूर 2005 चा. पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही ‘आज आयर्विनला किती?’ असा प्रश्न ऐकू येतो, आणि नव्या माणसाने तो आकडा रोज पाहण्याची सवय पहिल्याच जुलैत लावून घ्यावी. मात्र नुसता आकडा पुरेसा नाही. किती फुटांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि किती फुटांना आपला उंबरा ओलांडते, हे दोन आकडे प्रत्येक घराचे वेगवेगळे असतात आणि ते शेजाऱ्यांना पाठ असतात.

हे शेजाऱ्यांनाच विचारावे, असा आमचा आग्रह आहे. एजंटाला घर लावून द्यायचे असते, घरमालकाला भाडेकरू हवा असतो, आणि ‘इथे पाणी येत नाही’ हे उत्तर दोघांकडूनही सहज मिळते. त्याऐवजी समोरच्या किराणा दुकानदाराला किंवा ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजींना विचारावे, ‘आजी, एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं?’ प्रश्नात साल असले की उत्तर नेमके मिळते. आजी भिंतीकडे बोट दाखवतात, कोणते कपाट वाचले आणि कोणते गेले ते सांगतात, आणि किती दिवस कोणाकडे जाऊन राहिलो तेही सांगतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता या नदीलगतच्या वस्त्यांत पाणी लवकर शिरते. 2019 मध्ये ते त्यापलीकडे मुख्य बाजारपेठेतही पोहोचले होते. याउलट विश्रामबागचा भाग उंचावर आहे. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषांचे नकाशेही असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मानतात. भाड्याने राहणाऱ्याने हे नकाशे पाहावेत, आणि ज्याला पुढे येथेच घर विकत घ्यायचे आहे त्याने तर पाहिलेच पाहिजेत.

याचा अर्थ नदीकाठी राहूच नये असा नाही. गावभागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहतात आणि पाणी चढू लागले की काय आधी उचलायचे, गाडी कोणाच्या दारात नेऊन लावायची, म्हाताऱ्या माणसांना कोठे पाठवायचे, हे त्यांचे ठरलेले असते. नव्या माणसाजवळ नसते ते हेच. त्याचे या शहरात नातेवाईक नसतात, वरच्या मजल्यावरचे ओळखीचे घर नसते, आणि नोकरी नवी असल्यामुळे रजाही शिल्लक नसते. म्हणून पहिल्या वर्षापुरते तरी तळमजला टाळावा. आणि तोच घ्यावा लागला, तर पुराच्या वेळी सामान वर ठेवायला जागा मिळेल का, हे घरमालकाशी आधीच बोलून घ्यावे. दाखले, सेवापुस्तिकेच्या प्रती, विम्याची कागदपत्रे एकाच जलरोधक पिशवीत ठेवावीत. 2019 मध्ये सांगली नगर वाचनालयाची असंख्य पुस्तके पुराच्या पाण्यात गेली. कागद भिजला की काय होते, ते या शहराने पाहिले आहे.

घराचा करार हा पुढचा विषय, आणि त्यात गैरसमज फार आहेत. अकरा महिन्यांचा करार असल्यास नोंदणी लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असली तरी भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही नोंदणी आता आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते. अनामत रक्कम किती, ती परत कधी आणि कोणती कपात करून मिळणार, रंगकामाचा खर्च कोणाचा, हे करारात शब्दांत लिहून घ्यावे. राहायला येण्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरवरील आकड्याचा फोटो काढून ठेवावा आणि मागील बिलाची थकबाकी नाही याची खात्री करावी.

घर शोधताना जात, धर्म आणि आहार विचारला जातो, एकट्या स्त्रीला खोली नाकारली जाते, हे सांगलीतही घडते आणि ते अन्यायाचे आहे. एखादी मुलगी पहिली नेमणूक घेऊन येते आणि तिचा पहिला महिना नकार ऐकण्यातच जातो, याची जबाबदारी तिला बोलावणाऱ्या संस्थेनेही घ्यायला हवी. कामाच्या ठिकाणच्या जुन्या सहकाऱ्याने शब्द टाकला, तर जे दार बंद असते ते बऱ्याचदा उघडते. म्हणून रुजू होण्याआधीच कार्यालयात फोन करून ‘घराच्या बाबतीत कोणाशी बोलू?’ असे विचारण्यात संकोच करू नये.

शक्य असेल तर पहिला महिना, दीड महिना एकट्याने यावे, खोली घ्यावी आणि खानावळीत किंवा डब्यावर भागवावे. स्वयंपाक करायचाच असेल, तर ओळखपत्रावर मिळणारा 5 किलोचा लहान सिलिंडर तेवढ्या काळाला पुरतो. घरच्या गॅसजोडणीची बदली कुटुंब आल्यावर करता येते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून नवा काढू न देता जुनाच द्यावा. पहिला पगार कागदपत्रांत अडकून उशिरा होण्याची शक्यता धरून दोन महिन्यांचा खर्च हाताशी असावा. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी जुन्या शाळेत लवकर अर्ज करावा. आईवडील सोबत राहणार असतील, तर मिरजेचा विचार जरूर करावा, कारण 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयापासून हे गाव वैद्यकीय उपचारांसाठी ओळखले जाते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे.

नेमणुकीच्या आदेशावर ‘जिल्हा सांगली’ एवढेच वाचून मात्र निर्णय घेऊ नये. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पूर्वेकडचा भाग दुष्काळी आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा याच जिल्ह्यातल्या जत भागातही पाण्याची टंचाई होती. तेथे घर पाहताना पुराऐवजी टाकीचा आकार आणि टँकरची सोय विचारावी लागते. जतच्या सीमेकडच्या गावांत कानडी बोलली जाते, त्यामुळे शिक्षक, आरोग्यसेवक आणि बँकेतल्या माणसांना चार कामापुरती कानडी वाक्ये फार उपयोगी पडतात.

माणसे जोडायला वेळ लागतो आणि त्यासाठी वेळ काढावाही लागतो. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवले ते सांगलीतच, आणि नाटकाला जाणारी माणसे येथे आजही भेटतात. मिरजेत सतारीचे कारागीर आहेत आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते. ज्याला जे आवडते त्याने पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा पत्ता शोधावा, कारण संध्याकाळी बोलायला कोणी नसले की चांगली नोकरीही जड होते.

अकरा महिन्यांचा करार एप्रिल-मेच्या सुमारास संपत येतो. तोपर्यंत एक पावसाळा पाहून झालेला असतो, रस्ते आणि शेजार कळलेला असतो. घर बदलायचे असेल तर मार्चपासून शोध सुरू करावा, घरमालकाला करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी सूचना द्यावी आणि सामान मेअखेर हलवावे.