आबनुसाचा रंग आणि गिटारचा नाद

मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या घराण्यांना तुनाच्या लाकडाची ओळख करून द्यावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून रुजलेल्या या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्या मुळाशी भोपळ्याइतकेच महत्त्व या हलक्या, तांबूस लाकडाला आहे. तून हा कडुनिंबाच्या कुळातला वृक्ष. त्याच कुळातले सपेले आणि खाया हे दोन आफ्रिकी वृक्ष आज असंख्य अकूस्टिक गिटारांची पाठ आणि बाजू झाले आहेत, हे मात्र सांगली जिल्ह्यात सतारीच्या शेजारी गिटार ठेवून विकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

सपेले पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांत ४५ मीटर आणि कधी त्याहूनही उंच वाढतो. त्याच्या फळीवर दिसणारे उजेड-सावलीचे पट्टे रंगवलेले नसतात. या झाडाच्या खोडातले तंतू काही थरांत एका बाजूला, तर पुढच्या थरांत विरुद्ध बाजूला कललेले असतात. असे खोड मध्यापासून सालीच्या दिशेने उभे चिरले की प्रकाश प्रत्येक पट्टीवरून वेगळ्या कोनात परततो आणि फितीसारखी नक्षी उमटते. त्याच कारणाने रंधा मारताना तंतू उचकटतात, म्हणून पात्याला बारीक धार आणि कारागिराला धीर लागतो. घनमीटरला साधारण ६५० किलो भरणारे हे लाकूड खायापेक्षा जड आणि शिसवापेक्षा हलके असते. शिसवाचाच आफ्रिकी भाऊबंद असलेला, टांझानिया आणि मोझांबिकमधला आफ्रिकन ब्लॅकवूड इतका घट्ट असतो की तो पाण्यात बुडतो. क्लॅरिनेट आणि ओबो त्याचेच होतात. गिटारच्या पाठीला पुरेल एवढी रुंद फळी त्याच्या बारीक, वेड्यावाकड्या खोडातून क्वचितच निघते.

पाठीच्या लाकडाने गिटारचा आवाज किती बदलतो, हा प्रश्न वादकांमध्ये अनेक वर्षे गाजतो आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाठ आणि बाजू सोडून बाकी सर्व शक्य तितके सारखे ठेवलेल्या सहा गिटार बनवून घेतल्या होत्या. एक दुर्मीळ ब्राझिलियन रोझवूडची होती, एक भारतीय शिसवाची, आणि एक स्वस्त सपेलेची. मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून ५२ गिटारवादकांनी त्या वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत सहाही वाद्ये जवळपास सारखीच ठरली. यावरून लाकूड कोणतेही चालते असा निष्कर्ष काढणे चूक होईल, कारण सतारीची जशी तबली, तशी गिटारची वरची फळी हाच नादाचा खरा पाया असतो, आणि ती बहुधा थंड प्रदेशातल्या स्प्रूसची असते. पण पाठीच्या लाकडासाठी आपण मोजत असलेल्या किमतीचा मोठा भाग डोळ्यांच्या समाधानाचा असतो, हे मान्य करणे मला आवश्यक वाटते.

डोळ्यांच्या या हट्टाची सर्वांत मोठी किंमत आबनुसाने दिली आहे. गिटारच्या मानेवर, जिथे बोटे पोलादी तारा दाबतात, तिथे झिजेला दाद न देणारे लाकूड लागते. म्हणून फिंगरबोर्डसाठी मध्य आफ्रिकेतला आबनूस पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. आपल्याकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी याच वंशातली. बाजाराला आबनूस कोळशासारखा काळाच हवा असे, परंतु झाड उभे असताना आतला गाभा काळा आहे की करड्या-तपकिरी रेषांचा, हे बाहेरून कळत नाही. टेलर गिटार्स या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये एका स्पॅनिश लाकूड कंपनीसह कॅमेरूनची राजधानी याउंदे येथील क्रेलिकॅम ही आबनुसाची गिरणी विकत घेतली, तेव्हा कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांच्या कानावर आले की संपूर्ण काळे असे एक झाड मिळेपर्यंत सुमारे नऊ झाडे तोडून जंगलातच सोडून दिली जातात. रेषांमुळे लाकडाच्या कणखरपणात वापराला बाधेल अशी उणीव येत नाही. टेलर यांनी रेषांचा आबनूसही आपल्या गिटारींवर बसवायला सुरुवात केली आणि ग्राहकांना त्यामागचे कारण उघडपणे सांगितले. माझ्या मते वाद्यव्यवसायातील अलीकडच्या काळातील हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे.

कायद्याची बाजूही बदलत गेली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जातभाईंच्या आणि आफ्रिकेतील बुबिंगा या वृक्षाच्या व्यापाराला परवान्याची अट घातली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. २०२२ च्या पनामा परिषदेत आफ्रिकी खायाच्या ओंडक्यांचा आणि फळ्यांचाही परवान्याच्या अटीत समावेश झाला.

कॅमेरूनमध्ये २०१६ पासून काँगो बेसिन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या साहाय्याने आबनुसाची रोपे गावकऱ्यांच्या हाती दिली जात आहेत, आणि सोबत फळझाडेही, कारण आबनूस तोडणीला येईपर्यंत अनेक दशके जातात आणि तोवर घराला उत्पन्न हवे. याच कामातून निघालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी एक दुवा उघड केला. रानहत्ती आबनुसाची फळे खातात, बिया दूरवर नेतात, आणि शेणात दडलेल्या त्या बिया उंदीरवर्गीय प्राण्यांपासून वाचतात; हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेलेल्या जंगलांत आबनुसाची कोवळी झाडे फारच कमी आढळली. आज तिथे उभे असलेले मोठे वृक्ष हत्तींचे कळप फिरत होते त्या काळात रुजलेले आहेत.