ट्रेलरचं ॲव्हरेज: आकडा कुठून येतो आणि कुठे जातो

(कळंबोलीत ट्रेलरमालक आणि चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे गाडी विकत घेताना, विकताना आणि चालकाचा हिशोब करताना एकच प्रश्न विचारला जातो: ॲव्हरेज किती देते? कोणी लिटरला तीन किलोमीटर सांगतो, कोणी साडेतीन. त्या आकड्यात भार किती होता, घाट होता का आणि गाडी रांगेत किती तास उभी होती, यातलं काहीच कळत नाही. तरीही याच आकड्यावर चालकाचे पैसे कापले जातात. हे चुकीचं आहे आणि ते गणिताने दाखवता येतं.

आधी मोजमाप. टाकी फुल टू फुल, म्हणजे काठोकाठ ते पुन्हा काठोकाठ, मोजतो म्हणजे बरोबर मोजतो, असा आपला समज असतो. पण डिझेल जोरात भरलं की फेस येतो आणि नोझल लवकर तुटतं, म्हणजे आपोआप बंद होतं. पंपाची जमीन जरा उतरती असली तरी मोठ्या टाकीत चार-पाच लिटरचा फरक सहज पडतो. १०० लिटरवर ५ लिटरची चूक म्हणजे ५ टक्के. तीच चूक १००० लिटरवर अर्धा टक्का होते. म्हणून एका टाकीवरून निकाल देऊ नका. तीन-चार भरण्यांची बेरीज करा, शक्यतो त्याच पंपावर, त्याच जागेवर, नोझल पहिल्यांदा तुटेल तिथेच थांबून.

दुसरी चूक किलोमीटरमध्ये असते. मीटर चाकांचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या टायरची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास असते. नक्षी १२ मिलिमीटर झिजली की घेर दोन टक्क्यांहून जास्त कमी होतो, आणि मीटर तेवढे किलोमीटर जादा दाखवतो. नवीन टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं, ही तक्रार इथूनच येते. त्यातला काही भाग खरा असतो, कारण जाड नक्षीचा टायर जास्त ओढतो. पण दोन टक्के निव्वळ मीटरचे असतात. पूर्वीचं ॲव्हरेज तेवढं चांगलं कधी नव्हतंच.

आता लिटर जातो कुठे ते बघू. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. चांगलं इंजिन त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा वाटा गेल्यावर चाकापर्यंत सुमारे १३ मेगाज्यूल पोहोचते. सपाट डांबरी रस्त्यावर टायर दर टनामागे साडेसहा किलोच्या आसपास ओढ घेतात. एकूण ४० टनांच्या गाडीला म्हणजे २६० किलो. कंटेनर लावलेल्या गाडीला ताशी ६० च्या वेगाने हवा सुमारे ११० किलोने मागे रेटते. या हिशोबाने सपाटीवर, एका वेगाने, ब्रेक न लावता ३.६ चं ॲव्हरेज निघतं. सिग्नल, टोल आणि खड्डे धरले की ३.२ वर येतं.

तीच गाडी ८० ने न्या. टायरची ओढ जवळपास तेवढीच राहते, हवेची मात्र १९५ किलोवर जाते आणि डिझेल २० टक्क्यांहून जास्त लागतं. अमेरिकेतले ट्रेलर यापेक्षा जास्त वेगाने धावतात, म्हणून तिथे हवेला पहिला मान. आपल्या वेगाला पहिला मान टायरचा. घोडा आणि कंटेनरमधली फट कमी ठेवा, ताडपत्री ताणून बांधा. हवेबद्दल आपल्याला एवढं पुरे.

घाटाचं गणित मात्र सगळ्यांनी पाठ करावं. एक लिटर डिझेल ४० टनांची गाडी ३३ मीटर उंच चढवतं, म्हणजे साधारण दहा मजले. खोपोली ते लोणावळा सुमारे ५५० मीटरची उंची आहे. नुसत्या उंचीलाच साडेसोळा लिटर गेले. टायर आणि हवेचे वेगळे. चालक कितीही कसबी असला तरी हे डिझेल तो वाचवू शकत नाही.

उतरताना तो काय करतो, हे मात्र त्याच्या हातात आहे. जुन्या काळापासून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय आहे. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, उलट खर्च होतो, आणि ४० टनांचा सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. बोरघाटात गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेकवरच (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकवर) उतरा.

रांगेचा हिशोब तर कोणीच लिहीत नाही. इंजिन चालू ठेवून उभी गाडी तासाला दोन लिटरच्या आसपास पिते, एसी असेल तर थोडं जास्त. न्हावा शेवा ते भिवंडी सुमारे ६५ किलोमीटर, डिझेल २० लिटर. बंदराच्या दारात, करळ फाट्यावर आणि गोदामाबाहेर मिळून सहा तास इंजिन चालू राहिलं तर आणखी १२. ॲव्हरेज ३.२ वरून थेट २ वर. गाडी एकच, चालक एकच. रांग हलत नसेल तेव्हा इंजिन बंद करावं हे खरं. पण मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडून त्या डिझेलचे पैसे घेऊ नयेत.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. नुसत्या उभ्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, काजळी साठते. ती जाळायला रीजनरेशन (रीजन) होतं आणि त्यालाही डिझेल लागतं. रीजनचा दिवा लागला की ते पूर्ण होऊ द्या, मध्येच गाडी बंद केली तर सगळं पुन्हा करावं लागतं. धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण सुटं, स्वस्त घेऊ नका. द्रावणात युरिया ३२.५ टक्केच हवा, पाणीही शुद्ध हवं. नाहीतर ते फवारणाऱ्या नोझलवर खडे धरतात.

आता गाडीखाली जाऊ. टायरमधली हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी तपासा, आणि टायर कंपनीच्या तक्त्यात त्या भाराला जेवढी लिहिली आहे तेवढीच ठेवा. दर १० पीएसआय कमी हवेला ॲव्हरेज अर्धा ते एक टक्का पडतं. तापल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका; गार झाल्यावर तो टायर कमी हवेचा निघतो. जोडीतला आतला टायर सर्वांत जास्त दुर्लक्षित, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही. तो बसला की बाहेरचा दोघांचा भार घेतो.

ट्रेलर मागून तिरका, खेकड्यासारखा चालतो का बघा. सपाट जागी किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खुंट्यापासून) पहिल्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर एक्सल सरळ करून घ्या. नाहीतर सगळे टायर थोडे थोडे घासत राहतात आणि कडा करवतीसारख्या होतात.

ब्रेक धरून राहतोय का हे तपासायला सपाट रस्त्यावर २०-२५ किलोमीटर चालून, शक्यतो ब्रेक न लावता थांबा. हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या, टेकवू नका. एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त असेल तर तिथे स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा जुळवणारा भाग) घट्ट आहे, नाहीतर बेअरिंग गेलंय.

फेरीचा कागद असा लिहा: वजनकाट्याच्या पावतीवरचं वजन, किलोमीटर, चढ, इंजिन चालू ठेवून थांबलेले तास. न्हावा शेव्याहून चाकणला एकूण ४० टनांची गाडी जायची आहे, अंतर ११५ किलोमीटर धरू. ३.२ च्या हिशोबाने रस्त्याचे ३६ लिटर, सुमारे ६०० मीटर चढाचे १८, चार तास थांब्याचे ८. एकूण ६२, ॲव्हरेज १.८५. एवढं डिझेल लागलं तर चालकाचा एक रुपयाही कापायचं कारण नाही. ७५ लागलं तर आधी हवा बघा, हबची धग घ्या, टेप लावा, आणि मग त्याला बोलवा.