नॅशनल इन्शुरन्सची कोरी राहिलेली वर्षं

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. वर्षांची एकाखाली एक यादी.]

सगळ्यात वर चालू वर्ष, त्याखाली गेलं वर्ष, त्याखाली त्याच्या आधीचं. बऱ्याच वर्षांपुढे लिहिलंय ‘फुल इयर’. मध्येच दोन-तीन ठिकाणी ‘इयर इज नॉट फुल’.

नॅशनल इन्शुरन्स म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी. ब्रिटनमध्ये रीतसर नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या नावे तिची अशी यादी सरकारदरबारी असते. दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक अक्षर, असा नॅशनल इन्शुरन्सचा नंबर ही त्या यादीची किल्ली. म्हातारपणी दर आठवड्याला हातात किती पौंड पडणार, ते ही यादी ठरवते. ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या स्टेट पेन्शनचा नियम सरळ आहे: निदान दहा वर्षं भरलेली हवीत, आणि पूर्ण पेन्शनसाठी साधारण पस्तीस. नऊ वर्षं भरली असतील तर काहीच नाही.

ही यादी कोरी राहिली तर ते सहसा कुणी आपणहून सांगायला येत नाही. म्हणून हा व्हिडिओ.

[दृश्य: जुनं कार्ड, त्यावर ओळीने चिकटवलेली तिकिटं.]

५ जुलै १९४८. ज्या दिवशी एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, त्याच दिवशी नॅशनल इन्शुरन्सची ही व्यवस्थाही लागू झाली. तेव्हा प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे आणि आठवड्याला वर्गणी भरल्याचं एक तिकीट त्यावर चिकटवलं जाई. कार्ड मालकाकडे राहायचं, पण नोकरी सोडताना ते हातात यायचं आणि कुठलं तिकीट राहिलंय ते डोळ्यांना दिसायचं. नोंदी जमा होत न्यूकॅसलजवळच्या लाँगबेंटनच्या कचेरीत. १९७५ मध्ये तिकिटं बंद झाली, वर्गणी पगारातून परस्पर कापली जाऊ लागली. सोय झाली हे खरंच, पण बघण्याची सवय मात्र मोडली.

आज ती सवय पुन्हा लावून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. सरकारी संकेतस्थळावरचं ‘पर्सनल टॅक्स अकाउंट’ उघडायचं. नॅशनल इन्शुरन्सची नोंद तिथे आहे, पेन्शनचा अंदाज तिथे आहे, आणि मागच्या वर्षांतला पगार व कापलेला करही तिथेच.

वर्ष कोरं राहतं कसं? आपल्या लोकांच्या बाबतीत याची काही ठरलेली कारणं आहेत.

हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कंपनीने तुम्हाला लंडनला पाठवलं, पगार भारतातल्याच कंपनीकडून, पीएफही तिकडेच. अशा तात्पुरत्या बदलीत निदान पहिले ५२ आठवडे नॅशनल इन्शुरन्स कापला जात नाही. हातात चार पैसे जास्त येतात, पण ते आठवडे यादीत धरले जात नाहीत. पुढे इथेच नोकरी धरून स्थायिक झालेल्या माणसाला वाटत असतं की आपण पहिल्या दिवसापासून भरतोय.

दुसरं कारण दोन छोट्या नोकऱ्यांचं. पगाराची एक खालची मर्यादा असते, २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला १२५ पौंड होती. एकाच नोकरीत तेवढा पगार वर्षभर मिळाला तर वर्ष भरतं, आणि पगार वर्षाला १२,५७० पौंडांच्या आत असेल तर त्यासाठी एक पेनीही कापली जात नाही. पण सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पौंडांचं काम आणि संध्याकाळी दुकानात शंभर पौंडांचं, असं असेल तर दोन्हीची बेरीज होत नाही. प्रत्येक नोकरी वेगळी मोजली जाते. बाई आठवडाभर राबते, दोनशे पौंड घरी आणते आणि यादीत तिचं वर्ष कोरं. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. पण तो बदलेपर्यंत तो माहीत असणं हाच बचाव आहे.

तिसरं, घरचा व्यवसाय. लेस्टरपासून स्लाउपर्यंत कितीतरी मराठी बायका डबे करतात, दिवाळीचा फराळ करून देतात. वर्षाचा नफा ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये ६,८४५ पौंड) खाली असेल तर वर्ष आपोआप भरत नाही. अशा स्वयंरोजगार करणाऱ्याला क्लास २ ची ऐच्छिक वर्गणी भरता येते: २०२५-२६ मध्ये आठवड्याला साडेतीन पौंड, म्हणजे वर्षाला १८२. पेन्शनचं अख्खं वर्ष इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

[दृश्य: फायलीतला एक कागद. त्यावर बोट फिरतं.]

हा पी-६०. ५ एप्रिलला कर-वर्ष संपतं, आणि त्या दिवशी तुम्ही नोकरीत असाल तर ३१ मेपर्यंत मालकाने तो द्यायलाच हवा. वर्षाचा एकूण पगार, कापलेला कर, कापलेला नॅशनल इन्शुरन्स, सगळं या एका पानावर. तीन गोष्टी बघा. वरचा नंबर तुमचाच आहे ना. एका अक्षराची चूक झाली की वर्गणी तुमच्या नावावर चढत नाही. मग टॅक्स कोड, म्हणजे किती पगार करमुक्त ते सांगणारी खूण: एकच नोकरी असलेल्या बहुतेकांचा १२५७-एल असतो. नोकरी बदलताना पी-४५, म्हणजे जुनी नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा कागद, नव्या मालकाला दिला नसेल तर तात्पुरता आणीबाणीचा कोड लागतो आणि कर जास्त कापला जाऊ शकतो. जास्त कापलेला कर मागची चार वर्षं परत मागता येतो, त्यापुढे नाही. तिसरं, पी-६० वरचा आकडा आणि ऑनलाइन नोंद जुळते का.

जुळत नसेल तर? मालकाने पगारातून कापलं आणि सरकारकडे भरलंच नाही, असंही घडतं. अशा वेळी त्यात तुमची संमती किंवा हलगर्जी नसेल, तर ती वर्गणी भरलेली धरायची अशी कायद्यात तरतूद आहे. पण कापले गेल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून घर बदलताना पगाराच्या पावत्या रद्दीत टाकू नका. कंपनी बुडाल्यावर तिच्याकडून कागद मिळवणं फार अवघड असतं.

कोरं वर्ष पैसे भरून भरता येतं, साधारण मागच्या सहा वर्षांपर्यंत. या ऐच्छिक वर्गणीला क्लास ३ म्हणतात; तिचा २०२५-२६ चा दर आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स, म्हणजे वर्षाचे ९२३ पौंड. त्यातून पेन्शन वाढतं आठवड्याला सुमारे साडेसहा पौंडांनी, वर्षाला तीनशे चाळीसच्या आसपास. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. मात्र भरण्याआधी पेन्शनचा अंदाज जरूर बघा. २०१६ च्या आधी काम केलेल्यांचा हिशोब वेगळा बसतो आणि काही वर्षं भरून एक पेनीसुद्धा वाढत नाही.

[दृश्य: विमानतळ. सामानाच्या ट्रॉल्या.]

परत जायचं ठरलंय? मग निघण्याआधी ही यादी पुन्हा उघडा. सात-आठ वर्षं काम करून पुण्याला परतलेल्यांना पूर्वी परदेशातून स्वस्तात वर्षं भरता येत होती. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने ती वाट अरुंद केली: एप्रिल २०२६ पासून परदेशातून क्लास २ नाही, आणि नव्याने ऐच्छिक वर्गणी सुरू करायची तर आधीचं दहा वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी हवी.

आणि पेन्शन सुरू झाल्यावर भारतात राहणाऱ्याला त्यात वाढ मिळत नाही. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांना दरवर्षी वाढ मिळते. भारतात आकडा गोठतो. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स होतं. तेव्हा ते घेऊन कोल्हापूरला गेलेल्या माणसाला २०२५ मध्येही तेवढंच मिळत होतं. लंडनमध्ये राहिलेल्या त्याच्या मित्राला २३० पौंड २५ पेन्स. दोघांनी वर्गणी मात्र सारखीच भरलेली.

[दृश्य: महाराष्ट्र मंडळातला कार्यक्रम. मागच्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ स्त्रिया.]

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं, त्यांच्याबद्दल.

मुलांसाठी घरी राहिलेल्या बाईची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून १९७८ मध्ये ‘होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन’ आलं. तिच्या नावावर चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, चालू असेल तर ती वर्षं पेन्शनच्या हिशोबात सांभाळून घेतली जायची. २०१० मध्ये त्याची जागा क्रेडिट्सनी, म्हणजे वर्गणी न भरता यादीत धरल्या जाणाऱ्या आठवड्यांनी, घेतली. कागदावर व्यवस्था चांगली होती. पण मे २००० पूर्वी चाइल्ड बेनिफिटच्या अर्जावर नॅशनल इन्शुरन्सचा नंबर लिहिणं सक्तीचं नव्हतं. ज्यांनी तो लिहिला नाही, त्यांची ती वर्षं नोंदीत आलीच नाहीत अशी अनेक उदाहरणं निघाली. फटका बसला तो मुख्यतः बायकांना. २०२३ पासून सरकारने अशांना पत्रं पाठवायला सुरुवात केली.

पत्र आलं नाही म्हणून आपलं ठीक आहे असं समजू नका. पत्ता बदललेला असतो, आडनाव बदललेलं असतं. १९७८ ते २०१० या काळात ज्यांची मुलं लहान होती, त्या प्रत्येकीने आपली यादी बघावी. तिला जमत नसेल तर मुलाने, सुनेने, नातवाने शेजारी बसून उघडून द्यावी.

आजच्या तरुण आयांसाठीही हेच. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत चाइल्ड बेनिफिटच्या दाव्यातून क्रेडिट मिळतं. बहुतेक वर्क व्हिसांवर हा दावा करता येत नाही. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाली की येतो, तेव्हा तो लगेच करा. नवऱ्याचा पगार जास्त आहे, पैसे परतच द्यावे लागतील, म्हणून बरीच घरं अर्जच करत नाहीत. अर्ज करून पैसे नकोत असं सांगता येतं. क्रेडिट तरीही मिळतं. अर्ज घरात न कमावणाऱ्या पालकाच्या नावाने करा, कारण क्रेडिटची गरज त्यालाच असते.

जुन्या वर्षांसाठी अर्जाचा नमुना आहे सीएफ-४११. तो ऑनलाइन भरता येतो. हाताशी ठेवायचं ते एवढंच: नॅशनल इन्शुरन्सचा नंबर, मुलांच्या जन्मतारखा, त्या काळातले पत्ते. आई आता हयात नसेल, तरी तिच्या वतीने दावा करता येतो. तिला मिळायचं राहिलेलं पेन्शन निघालं, तर ते तिच्या वारसांना मिळू शकतं.