रुळांचं माप एकदा ठरलं की

श्रोतेहो, नमस्कार. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेनं वीस-पंचवीस वेळा घासा आणि चुंबक दूर ठेवून द्या. सुई तरीही टाचणी उचलते. कारण गेलं, परिणाम राहिला. याला भौतिकशास्त्रात हिस्टेरेसिस म्हणतात, आणि अर्थशास्त्रानं हा शब्द तिथूनच उसना घेतला.

रसवंतीचा हिशोब मांडून बघू. समजा चरक, मोटर आणि गाळा मिळून 2 लाख रुपये घालायचे. एका ग्लासाला ऊस, बर्फ, वीज, मजुरी धरून खर्च 15 रुपये. भाव 20 झाल्याशिवाय नवा माणूस या धंद्यात उतरत नाही, कारण ते 2 लाख वसूल व्हायला हवेत. पण उतरल्यावर भाव 17 झाला तरी तो दुकान बंद करत नाही. चरक मोडीत काढून 2 लाख थोडेच परत येणार? म्हणजे भाव 17 असताना रसवंती चालू असेल की नसेल, हे 17 या आकड्यावरून कळत नाही. भाव वरून खाली आला की खालून वर गेला, ते विचारावं लागतं. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी 1989 साली हे गणितात बसवलं.

यातूनच पुढची गोष्ट निघते, आधीच्या वाटेनं बांधलं जाण्याची. ती ऐकावी आपल्या रेल्वेकडून.

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. त्याआधी वाद झाला रुळांमधल्या अंतराचा. इंग्लंडात चालत होतं 4 फूट साडेआठ इंच. गव्हर्नर-जनरल डलहौसीला हवे होते 6 फूट. शेवटी ठरलं साडेपाच फूट, म्हणजे आपलं ब्रॉडगेज. पुढे 1870 च्या सुमारास पैसे वाचवायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं अरुंद माप काढलं. देशात मेट्रिक पद्धत येऊ घातली होती, म्हणून ते माप नेमकं एक मीटर ठेवलं. आणि गंमत बघा, 1871 चा तो मेट्रिक कायदा अमलात आलाच नाही! मेट्रिक मापांचा कायदा झाला तो 1956 साली. तोवर हजारो मैल मीटरगेज रूळ टाकून झाले होते. कारण गेलं, परिणाम राहिला. (आणि कायदा होऊनही आपण जमीन गुंठ्यात बोलतो, फ्लॅट चौरस फुटात घेतो. मला विचाराल तर गुंठा चांगलाच आहे, चाळीस गुंठ्यांचा एकर पोरालाही समजतो. असो.)

त्यात 1897 साली आली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटांची. कुर्डुवाडीहून बार्शीला. मग पंढरपूर 1906, लातूर 1911, मिरज 1927. अडीच फूटच का? कारण आधीचे रूळ अडीच फुटांचे, इंजिनं आणि डबे अडीच फुटांचे. पुढचा प्रत्येक मैल मागच्या मैलानं ठरवला. कुर्डुवाडीला मात्र ब्रॉडगेजच्या वाघिणीतलं, म्हणजे मालडब्यातलं, पोतं हमालाच्या पाठीवरून छोट्या वाघिणीत जायचं. मिरजेत तर पुढे तिन्ही मापं एकत्र होती!

मग सरळ रूळ रुंद का केले नाहीत? स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, पाच फुटांचे, ब्रॉडगेजला हवेत नऊ फुटांचे, किलोमीटरला सुमारे 1,660. पूल आणि फलाट नव्या मापाचे. खरी अडचण वळणांची. छोटी गाडी 44 मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरते, ब्रॉडगेजला किमान 175 मीटर लागतात. म्हणजे काही ठिकाणी जुनी वाटच सोडावी लागते, नवी जमीन घ्यावी लागते. 1992 साली देशभर एकच गेज करायचं ठरलं, आणि बार्शी लाइट पुरती बदलायला त्यानंतरही पंधराहून अधिक वर्षं गेली.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बेरोजगारीचं भरभर सांगतो. 1986 साली ब्लँशार आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी युरोपाबद्दल हेच म्हटलं. मंदीत नोकरी गेलेला माणूस दोन वर्षं घरी बसला की कसब गंजतं, ओळखी तुटतात, मालक त्याचा अर्ज बाजूला सारतो. मंदी सरते, पण तो माणूस कामगारांच्या रांगेत मोजलाच जात नाही. मजुरीची बोलणी होतात ती आत असलेल्यांच्या वतीनं, बाहेरचा त्यात नसतो. म्हणून मंदीत पहिल्या सहा महिन्यांत माणसाला कामावर टिकवण्यासाठी दिलेला रुपया, पाच वर्षांनी प्रशिक्षणावर घातलेल्या रुपयापेक्षा जास्त काम करतो, असं माझं मत. नमस्कार.