नाणेघाट: शिलालेख वाचायला जायचं असेल तर

(दृश्य: पहाट. टोकावड्यापुढचा रस्ता, समोर सह्याद्रीची भिंत.)

कल्याणहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे पडलं, की उजव्या हाताला डोंगराची सलग भिंत दिसू लागते. त्या भिंतीतून एक कडा डोकं वर काढून उभा आहे. तो नानाचा अंगठा. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात त्याच्या कुशीतल्या नाणेघाटाच्या खिंडीतून वर चढायचा, जुन्नरला पोहोचायचा आणि तिथून पैठणकडे निघायचा. खिंडीच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे, बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला.

आज बहुतेक मंडळी इथे गाडीने येतात. जुन्नरहून घाटघरमार्गे रस्ता थेट पठारावर येतो. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायचा, लेण्यात डोकवायचं आणि निघायचं. त्यात लेख वाचून होत नाही. तो वाचायचा असेल तर दिवसाची आखणी वेगळी लागते, आणि सोबत माहीतगार माणूस लागतो.

आखणीतली पहिली गोष्ट म्हणजे दिशा. कोकणातून चढावं आणि घाटघरला बाहेर पडावं. वैशाखरे गावाजवळ हमरस्त्यालगत वाट सुरू होते. आधी झाडी, मग चढ, आणि वरच्या टप्प्यात दगडी फरसबंदी आणि पायऱ्या. साधारण चालीने अडीच ते तीन तास लागतात. उलट, वरून खाली उतरायचं ठरवलं तर लेणं सुरुवातीलाच लागतं आणि पुढचे दोन तास गुडघ्यांवर येतात. चढून आलेल्या माणसाला मात्र ही खिंड इथेच का निवडली, बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरचा माल इथून कसा चढला असेल, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

अडचण गाडीची होते. गट खाली सोडला की गाडीने माळशेज घाट चढून, जुन्नर गाठून घाटघरला यायचं. याला तीन तास धरावेत. चालकाला हे आदल्या दिवशी नीट समजावून द्या, कारण घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नाही. भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून द्यावी.

(दृश्य: चढणारा गट. पुढे वाटाड्या, शेवटी दुसरा माणूस.)

काळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि खालच्या टप्प्यात वाट चुकते. मार्चनंतर जायचंच असेल, तर उजाडण्याआधी चालायला लागा. पावसाळ्यात लेखासाठी जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. पायऱ्यांवर शेवाळ धरतं, लेण्यात अंधार आणि ओल असते, धुक्यात पाच पावलांपुढचं दिसत नाही. माळशेजमध्ये दरडी पडून रस्ता बंद होतो, आणि गर्दीच्या दिवसांत प्रशासन पर्यटकांना बंदीही करतं.

गट पंधरा जणांचा पुरे. लेण्यात सगळे एकदम भिंतीशी गेले, तर पुढच्यांच्या सावलीत मागच्यांना काही दिसत नाही. सात-आठ जणांच्या दोन तुकड्या करा. एक आत असताना दुसरीने बाहेर बसून पाणी प्यावं, खावं. माणशी तीन लिटर पाणी घरूनच घ्या. लेण्याच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पण त्यातलं कोणतं पाणी त्या वर्षी पिण्याजोगं आहे, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं. मीठ-साखरेची पुडी प्रत्येकाच्या खिशात हवी. पोटऱ्यांत गोळे येतात ते शेवटच्या पायऱ्यांवर, घाम बराच गेल्यानंतर, आणि तेव्हा नुसतं पाणी पिऊन भागत नाही.

वाटाड्या आणि लेखाचा जाणकार ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. दोघांचीही सोय करा. वाटाड्या वैशाखरे किंवा घाटघरचा घ्या आणि त्याचं मानधन आधी ठरवा. यंदा आग्या मोहोळ कोणत्या कड्याला लागलंय, हे त्याला माहीत असतं. मोहोळाखालून जाताना बोलणं बंद, धूम्रपान बंद. अंगाला अत्तर किंवा सुगंधी फवारा लावून कुणी आलं असेल, तर त्याला सकाळीच तोंड-हात धुवायला लावा. माश्या उठल्या तर हात झाडू नयेत. डोकं आणि तोंड कापडाने झाकून आल्या वाटेने लांब जायचं.

जाणकार पारखायचा तर त्याला तीन प्रश्न विचारा. लेण्याच्या मागच्या भिंतीवर काय होतं? लेख कुणी कोरवला? आणि जकातीचा उल्लेख लेखात कुठे आहे?

(दृश्य: लेण्याचा अंतर्भाग. कॅमेरा हळूहळू मागच्या भिंतीकडे.)

मागच्या भिंतीवर आठ पुतळे कोरलेले होते. आज ते नाहीत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत, आणि वर नावं: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. एक नाव हरवलं आहे. भिंतीशी उकिडवं बसून पावलांच्या खुणा बघा, मग मान वर करून नाव बघा. एका राजघराण्याने आपली ओळख करून द्यायला जागा निवडली, ती व्यापाराच्या वाटेवरची. इथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला हे पडणार होतं.

बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख डावीकडे सुरू होतो. प्रत्येक भिंतीवर दहा ओळी. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल (दिशांचे रक्षक देव) यांना वंदन आहे. मग येते राणी: महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी. पुढे यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा. ही राणी म्हणजे सातकर्णीची विधवा नागनिका (मागच्या भिंतीवरची नायनिका), असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते मागच्या भिंतीवरच्या नावांच्या आधाराने. मोठ्या लेखात तिचं नाव आज वाचता येत नाही, आणि चांगला जाणकार हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कुठेच नाही. खिंडीच्या माथ्यावर दगडात कोरलेला प्रचंड रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. घाटातून एवढा व्यापार चालत असताना जकात घेतली जाणं स्वाभाविकच. पण हा तर्क आहे, आणि लेख बोलतो तो यज्ञांबद्दल आणि दानांबद्दल. रांजणापाशी उभं राहून "लेखात असं लिहिलंय" म्हणणारा मार्गदर्शक पुढे काय काय सांगेल, याचा भरवसा राहत नाही. काय कोरलंय, अभ्यासक काय अनुमान करतात आणि लोक काय सांगतात, हे त्याने वेगवेगळं सांगावं.

(दृश्य: हातातली विजेरी भिंतीलगत. अक्षरं उमटू लागतात.)

अक्षरं झिजलेली आहेत. मोबाइलचा उजेड समोरून मारला की ती सपाट होऊन कातळात विरून जातात. लहान विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. एकाने विजेरी धरायची, दुसऱ्याने वाचायचं. लेखाचं देवनागरी लिप्यंतर मोठ्या टाइपात छापून माणशी एक प्रत न्या. खडू, पीठ, पाणी यांपैकी काहीही भिंतीला लावायचं नाही. खडू आणि पीठ खाचांत अडकून बसतं, पाण्याने क्षार वर येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जे गेलं ते परत येत नाही.

ओळख नसलेल्यांनी सुरुवात आकड्यांपासून करावी. एका यज्ञाच्या दक्षिणेत १,७०० गाई आणि १० हत्ती आहेत. दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. हा आकडा कोरायला तीनच खुणा लागल्या आहेत: वीस हजारांची, चार हजारांची आणि चारशेची. चार हजारांची खूण म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेला चार, आणि वीस हजारांची म्हणजे त्याच चिन्हाला जोडलेला वीस. शून्य नाही, स्थानमूल्य नाही, तरी कारभार एवढ्या मोठ्या रकमांचा. १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी या लेखाची नोंद केली, पुढे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी ठसे घेतले आणि १८८३ मध्ये जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी वाचन प्रसिद्ध केलं. इतक्यांनी डोळे ताणलेल्या या ओळींसाठी दीड तास तरी ठेवा. चढून आल्या आल्या मात्र सांगायला सुरुवात करू नये. आधी वीस मिनिटं विश्रांती, कारण धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानात काही शिरत नाही.

शेजारचा जीवधन किल्ला त्याच दिवशी उरकायचा मोह होतो. नवख्या गटाने तो टाळावा. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. उरलेल्या कातळटप्प्यावर दोर आणि सरावाची माणसं लागतात, आणि दुपारी थकलेल्या पायांनी तिथे घसरायला होतं. घाटघरला जेवण सांगायचं तर आदल्या दिवशी, माणसं मोजून. पिठलं-भाकरी होते, पण पंधरा जणांची ऐनवेळी होत नाही.

जुन्नरला मुक्काम केलात, तर दुसऱ्या सकाळी लेण्याद्रीआधी तुळजा लेणी गाठा. तिथलं चैत्यगृह (बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनागृह) गोल आखणीचं आहे, स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब. घाटातल्या व्यापाराचा पैसा जुन्नरच्या डोंगरांत कसा मुरला, ते या खांबांमधून फिरताना आणि नंतर मानमोडी व शिवनेरीच्या पोटातली लेणी पाहताना उलगडत जातं. लेण्याद्रीला दुपारपर्यंत पोहोचलात तरी चालेल.