दोर धरणारे हात

श्रोतेहो, नमस्कार.

येशूची सुवार्ता सांगणारा पौल दिमिष्क (दमास्कस) शहरात अडकला होता. त्याला ठार मारायचा कट शिजला होता आणि वेशींवर रात्रंदिवस पहारा होता. तेव्हा शिष्यांनी एका रात्री त्याला पाटीत बसवलं आणि तटावरून खाली सोडलं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 9व्या अध्यायात हा प्रसंग एका ओळीत उरकला आहे.

त्या तटावर क्षणभर उभं राहून बघा. मिट्ट काळोख. तोंडातून शब्द काढायची सोय नाही. एका माणसाचं सगळं वजन हातातल्या दोराला लटकलेलं. तळहात सोलवटत असतील, तरी दोर सोडता येत नाही की हिसका देता येत नाही. खाली पाय टेकले, हे हातालाच कळेपर्यंत धरून ठेवायचं. ती माणसं किती होती, त्यांची नावं काय, पुढे त्यांचं काय झालं, शास्त्र एका अक्षरानं सांगत नाही. पौल मात्र पुढे समुद्रापार गेला, गावोगावी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याच्या नावाची 13 पत्रं आपण आजही वाचतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ही सुटका त्यानं स्वतः सांगितली आहे. तिथंही एवढंच, की मला पाटीत बसवून खिडकीतून खाली सोडण्यात आलं. कोणी सोडलं, ते नाही.

मी बरीच वर्षं आमच्या मंडळीत खुर्च्या मांडायचं काम करत आले आहे. भक्तीच्या तासभर आधी जायचं, खुर्च्या पुसायच्या, रांगा सरळ करायच्या, गीतांची पुस्तकं ठेवायची. सगळे गेले की पुन्हा आवरायचं. कुणी सांगितलेलं नव्हतं, देवाचं काम म्हणून मनानंच धरलेलं. एकदा एका मोठ्या कार्यक्रमात शेवटी आभाराची यादी वाचली गेली. गाणारे, वाजवणारे, फुलं लावणारे, दारात स्वागताला उभे राहिलेले. यादी संपली, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग सगळे पांगले आणि मी आवरायला लागले, तर एकेक खुर्ची आपटत होते. रिकाम्या सभागृहात तो आवाज केवढा तरी मोठा वाटत होता. तो ऐकूनच मला कळलं, की आपलं नाव कधीतरी घेतलं जाईल याची मी किती दिवस वाट पाहत होते.

तुमच्यातल्या कितीतरी जणांना हा आवाज ओळखीचा असेल. म्हणून आधी हे सांगते, की वाईट वाटणं हे पाप नाही. योसेफानं मिसरच्या तुरुंगात फारो राजाच्या प्यालेबरदाराच्या, म्हणजे राजाला द्राक्षारस देणाऱ्या सेवकाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि मोकळ्या मनानं विनवलं, 'तुझं भलं झालं की माझी आठवण ठेव, फारोच्या कानावर घाल.' प्यालेबरदार सुटला आणि विसरला. पुरती दोन वर्षं विसरला. योसेफानं आठवणीची अपेक्षा केली म्हणून शास्त्र त्याला कुठंही बोल लावत नाही. यशयाच्या 49व्या अध्यायात तर देवाचा सेवकच म्हणतो, की मी व्यर्थ श्रम केले, माझी शक्ती फुकट खर्ची पडली. आणि त्याच दमात म्हणतो, की माझा न्याय, माझं प्रतिफळ माझ्या देवाजवळ आहे. तक्रार आणि विश्वास एकाच तोंडून, एकाच वचनात. आपल्या प्रार्थनेतही दोन्हींना जागा आहे.

आणि स्वतः प्रभू येशू. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच परत आला. प्रभूनं विचारलं, 'दहा जण शुद्ध झाले ना? मग बाकीचे नऊ कुठं आहेत?' म्हणजे कृतघ्नता त्याच्याही नजरेतून सुटली नाही, त्यानं ती बोलून दाखवली. पण मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते ती पुढच्या गोष्टीपाशी. त्या नऊ जणांचं बरं होणं त्यानं परत घेतलं असं कुठंही लिहिलेलं नाही. ते आपापल्या वाटेनं गेले, आणि निरोगी अंगानं गेले. माझी सेवा नेमकी इथं अडखळते. उपकाराची जाण दिसली नाही की माझा हात आखडतो, पुढच्या वेळी मी मोजून देते.

आणखी एक धोका आहे, तो जरा लपलेला असतो. 'मला कुणाकडून काही नको, मी फक्त देवासाठी करते,' असं आपण चारचौघांत म्हणतो, तेव्हाही बहुधा ऐकणाऱ्याच्या तोंडून कौतुकच हवं असतं. मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रभू म्हणतो, की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मला वाटतं, यात आपल्या मनातली वहीसुद्धा आली, जिच्यात कुणी विचारलं, कुणी विचारलं नाही, याचा हिशेब आपण ठेवतो. त्याच ठिकाणी तो सांगतो, की गुप्तपणे पाहणारा तुझा पिता आहे. पाहणारा आहे, हे महत्त्वाचं. देवासाठी केलेलं काम अंधारात असतं, पण बेवारस नसतं.

कुणी आज अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करत असेल. रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलायची, चादर ओली झाली तर बदलायची, आणि सकाळी त्यानं आपल्याला ओळखूही नये. तिथं आभार मानायला माणसाजवळ शब्दच उरलेले नसतात. तुम्ही हे ऐकत असाल, तर तुमच्यासाठी मी काल रात्री नाव न कळता प्रार्थना केली आहे.

परवा भक्ती संपल्यावर दोन मुलं आपणहून मागे थांबली आणि माझ्याबरोबर खुर्च्या उचलू लागली. त्यांची नावं मला माहीत नव्हती. इतकी वर्षं माझं नाव कुणी घेत नाही म्हणून मी झुरत होते, आणि दर आठवड्याला समोर बसणाऱ्या या मुलांना मी कधी नाव विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.