पगडी आणि शपथ

(दृश्य: फ्लोरा फाउंटन, सकाळची वर्दळ. पुतळा.)

ऑफिस गाठायच्या घाईत हजारो माणसं रोज या पुतळ्यासमोरून जातात. खुर्चीत बसलेले दादाभाई नौरोजी. डोक्यावर पारशी पगडी. ती नीट पाहून ठेवा. ब्रिटिश संसदेत जाण्यासाठी लंडनमध्ये मतं मागायला निघालेल्या दादाभाईंना आधी तीच उतरवायला सांगितलं गेलं.

साल 1886, मतदारसंघ होल्बर्न. सांगणारे विरोधक नव्हते, हितचिंतक होते. मतदार बुजतील, इंग्रजी टोपी घाला. साठीतल्या दादाभाईंनी ते ऐकलं. तरी हरले. त्यांच्यासमोरच्या इंग्रज उमेदवाराला डोक्यावर काय घालावं हे कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांनी एडिनबरोच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी म्हणाले, ब्रिटिश मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. रोख दादाभाईंवर होता. म्हणजे टोपी बदलूनही भागलं नव्हतं.

(दृश्य: थेम्सच्या पुलावरून वेस्टमिन्स्टर.)

ब्रिटिश संसदेच्या या इमारतीत निवडून आलेल्याला आधी एक शपथ घ्यावी लागते. आज ती काही सेकंदांत उरकते. पण एके काळी तिच्या शेवटी शब्द होते, ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेने’. लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड हे ज्यू गृहस्थ 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आले. 1850 मध्ये सभागृहात उभे राहिले, जुन्या करारावर, म्हणजे बायबलच्या ज्यूंनाही मान्य असलेल्या भागावर, हात ठेवला, सगळी शपथ म्हटली आणि त्या शब्दांशी थांबले. हे शब्द माझ्या विवेकावर बंधनकारक नाहीत, म्हणून गाळतो, म्हणाले. त्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं. लोक पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडून देत राहिले आणि जागा रिकामीच राहिली. अकरा वर्षं! संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाने, कॉमन्सने, शपथ बदलायची सुधारणा मंजूर करायची, वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सने, ती फेटाळायची. अखेर 26 जुलै 1858 रोजी, डोकं झाकून, आपल्या धर्माच्या रीतीने रॉथ्सचाइल्ड यांनी शपथ घेतली.

त्याच सभागृहात डिझरायली केव्हाच बसत होते. तेही ज्यू घराण्यातलेच. पण त्यांचा बाप्तिस्मा वयाच्या बाराव्या वर्षी झाला होता, त्यामुळे दार उघडं होतं. पुढे ते पंतप्रधान झाले.

नॉर्दम्प्टनच्या चार्ल्स ब्रॅडलॉंचा तर देवावरच विश्वास नव्हता. 1880 मध्ये निवडून आले, जागेवर बसायला 1886 उजाडलं. 1888 च्या कायद्याने देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायची मुभा सगळ्यांना मिळाली. हेच ब्रॅडलॉ पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

(दृश्य: लंडनमधलं क्लार्कनवेल. ‘नौरोजी स्ट्रीट’ची पाटी.)

याच भागाने, सेंट्रल फिन्सबरीने, जुलै 1892 मध्ये दादाभाईंना निवडून दिलं. पहिल्या मोजणीत आघाडी होती पाच मतांची. दादाभाई शपथेला उभे राहिले. बायबल त्यांनी घेतलं नाही. हातात होता खोर्देह अवेस्ता, पारशी घरातल्या रोजच्या प्रार्थनांचा ग्रंथ. टोपीच्या बाबतीत त्यांनी ऐकलं होतं, इथे नाही.

1895 मध्ये ते हरले, 1906 मध्ये नॉर्थ लॅम्बेथमधूनही.

(दृश्य: पुन्हा पुतळा, संध्याकाळ. निवेदन नाही, फक्त रस्त्याचा आवाज.)